पिंपरी–चाकण रिंग: प्रोव्हायडर ब्रिजिंगच्या सेवाप्रकारांच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

भोसरी, पिंपरी, चाकण आणि तळेगाव दाभाडे येथील चार स्विच एका रिंगमध्ये जोडलेले आहेत आणि आजवर प्रत्येक ग्राहकाला एक साधा व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळे ठेवलेले आभासी जाळे) देऊन काम भागत आले आहे. आता तीन नवे ग्राहक एकाच वेळी आले असून त्यांपैकी दोघांच्या अंतर्गत जाळ्यांत व्हीलॅन १० आणि २० हेच क्रमांक अनेक वर्षांपासून वापरात आहेत. ते क्रमांक बदला असे ग्राहकाला सांगणे शक्य नाही, आणि आपल्या रिंगवर दोघांचा व्हीलॅन १० एकत्र चालवणे तर मुळीच शक्य नाही. त्यामुळे संपूर्ण रिंग प्रोव्हायडर ब्रिजिंगवर नेण्याचा निर्णय झाला आहे. ग्राहकाच्या टॅगला, म्हणजे फ्रेमवर (जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावर) लिहिलेल्या व्हीलॅन क्रमांकाच्या खुणेला, हात न लावता तिच्या बाहेर आपला स्वतंत्र टॅग लावणे, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. ग्राहकाचा तो सी-टॅग आणि आपला तो एस-टॅग, हीच परिभाषा या नोंदींत पुढे वापरली आहे.

या पद्धतीचे नियम सांगणारी ८०२.१एडी ही दुरुस्ती २००५ च्या अखेरीस मंजूर झाली आणि २०११ च्या आवृत्तीत व्हीलॅनच्या मूळ ८०२.१क्यू मानकात विलीन झाली. त्याआधीपासून निरनिराळ्या उत्पादकांनी आपापल्या पद्धतीने दुहेरी टॅग देण्यास सुरुवात केली होती आणि त्या काळाचे अवशेष जुन्या उपकरणांत अजून सापडतात. आपल्या रिंगमधील एक टप्पा भाड्याचा असल्यामुळे हा मुद्दा पुढे आड येईल, असा अंदाज आहे.

८ जानेवारी

तिन्ही ग्राहकांशी बोलणी झाली. सेवाप्रकार ठरवण्यापूर्वी प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारायच्या, असे आधी ठरवले होते. एक, आपल्या फ्रेमवरील टॅगचा अर्थ आम्ही वाचावा की वाचू नये; आणि दोन, आपल्या स्विचने पाठवलेले नियंत्रण संदेश दुसऱ्या टोकापर्यंत जावेत, आमच्या स्विचने ते स्वीकारावेत की टाकून द्यावेत. बँडविड्थ, ठिकाणांची संख्या आणि दर या गोष्टी अर्जावर असतातच. पण पोर्टचा प्रकार त्यांवरून ठरत नाही.

पहिला ग्राहक यंत्रभाग बनवणारा कारखाना असून त्याची एक शाखा भोसरीत आणि दुसरी चाकणला आहे. तेथील माहिती तंत्रज्ञान विभागप्रमुखांचे म्हणणे स्पष्ट होते: "साहेब, दोन प्लांटमध्ये नुसती एक केबल टाकल्यासारखे हवे. मध्ये तुमचा स्विच आहे, हे आमच्या स्विचला कळता कामा नये." दुसरा ग्राहक सहकारी पतसंस्था आहे. तिचे मुख्य कार्यालय पिंपरीला असून शाखा उरलेल्या तिन्ही स्विचवर विखुरलेल्या आहेत. मुख्य कार्यालयाने प्रत्येक शाखेशी बोलावे, परंतु शाखांनी एकमेकींशी बोलू नये, अशी तिची अट आहे. शिवाय बँकिंगचा व्हीलॅन १० आणि फोनचा व्हीलॅन २० यांना वेगवेगळी वागणूक हवी आहे. तिसरा ग्राहक स्वतःच एक छोटा इंटरनेट पुरवठादार असून त्याचे वर्गणीदार चाकण आणि तळेगाव परिसरात आहेत. तो स्वतःच्या फ्रेमवर एस-टॅग लावूनच त्या आमच्या हवाली करणार आहे.

मानकात सेवा देण्याच्या पोर्टचे जे तीन मूळ प्रकार सांगितले आहेत, ते तिन्ही येथे एकेका ग्राहकाच्या रूपाने समोर आले, हा योगायोग सोयीचा ठरला. कारखान्याला पोर्ट-आधारित सेवा, पतसंस्थेला सी-टॅगवर आधारलेली सेवा आणि छोट्या पुरवठादाराला एस-टॅगवर आधारलेली सेवा द्यायची आहे. एमईएफ या इथरनेट सेवांच्या उद्योगसंघटनेच्या परिभाषेत पहिली खाजगी ई-लाइन, दुसरी आभासी ई-ट्री (एका केंद्राशी अनेक शाखा) आणि तिसरी दोन पुरवठादारांमधील जोडणी होय. ग्राहकाच्या करारपत्रात एमईएफची नावे लिहावीत आणि स्विचच्या कॉन्फिगरेशनमध्ये मानकाची नावे पाळावीत, असे ठरले; कारण ई-लाइन हे नाव दोन टोकांमधील नाते सांगते, तर पोर्टचा प्रकार त्या पोर्टवर काय वाचले जाईल ते सांगतो, आणि एकच ई-लाइन पोर्ट-आधारित किंवा सी-टॅगवर आधारलेली अशा दोन्ही प्रकारे देता येते.

१० जानेवारी

पोर्टच्या भूमिका निश्चित केल्या. रिंगकडे तोंड असलेला प्रत्येक पोर्ट प्रोव्हायडर नेटवर्क पोर्ट असून त्यावर केवळ एस-टॅग वाचला जातो. कारखान्याचा आणि छोट्या पुरवठादाराचा पोर्ट कस्टमर नेटवर्क पोर्ट आहे; फरक इतकाच की कारखान्याच्या पोर्टवर येणारी प्रत्येक फ्रेम एकाच एस-व्हीलॅनमध्ये जाते आणि पुरवठादाराच्या पोर्टवर येणाऱ्या फ्रेमचा एस-टॅग पाहून तिचा एस-व्हीलॅन ठरतो. पतसंस्थेचा पोर्ट कस्टमर एज पोर्ट आहे आणि येथे रचना बरीच गुंतागुंतीची होते. अशा पोर्टच्या मागे, स्विचच्या आत, सी-टॅग वाचणारा एक छोटा ब्रिज (फ्रेम पुढे धाडणारा भाग) कल्पिलेला असतो, त्याच्या पलीकडे एस-टॅग वाचणारा मुख्य ब्रिज असतो आणि या दोहोंना प्रत्येक सेवेसाठी एकेक अंतर्गत पोर्ट जोडतो. स्विचच्या पुढच्या पट्टीवर यातले काहीच दिसत नाही, परंतु बीपीडीयू (फ्रेम गोल फिरत राहू नयेत म्हणून स्विच एकमेकांना पाठवतात ते नियंत्रण संदेश) कोठे थांबतात हे समजण्यासाठी हे चित्र डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे.

एस-व्हीलॅनचे क्रमांकन ठरले. टॅगमधील बारा बिटांतून ४०९६ मूल्ये मिळतात आणि त्यांतील ० व ४०९५ राखीव असल्यामुळे ४०९४ उरतात. चार स्विचच्या रिंगला हे भरपूर आहे. १०० पासून पोर्ट-आधारित सेवा, ३०० पासून ई-ट्री, १००० पासून पुरवठादारांच्या सेवा आणि ४००० च्या वर आपले स्वतःचे नियंत्रण, अशी विभागणी केली. क्रमांकावरून सेवाप्रकार ओळखता आला की रात्री दोन वाजता फोन आल्यावर कॉन्फिगरेशन वाचणाऱ्याचे कष्ट वाचतात.

स्विच सध्या कस्टमर ब्रिज या (फक्त सी-टॅग वाचणाऱ्या) पद्धतीने चालत असून आपल्या उपकरणांवर प्रोव्हायडर पद्धती लागू करण्यासाठी ते पुन्हा सुरू करावे लागतात. चालू ग्राहकांचे नुकसान टाळण्यासाठी हे काम गुरुवारी ठेवले आहे. भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी असते, त्यामुळे आपल्या कामाची सवड सहसा त्याच वारी मिळते.

१३ जानेवारी

भाड्याच्या टप्प्याची तपासणी केली. चाकण ते तळेगाव हा टप्पा दुसऱ्या एका पुरवठादाराच्या उपकरणांवरून जातो. तळेगावच्या पोर्टचे मिररिंग करून पॅकेट कॅप्चर घेतले असता असे दिसले की, चाकणहून षोडशमान ८८ए८ या टीपीआयडीने (टॅगचा प्रकार सांगणाऱ्या मूल्याने) निघालेला एस-टॅग पलीकडे ९१०० होऊन बाहेर पडतो. ८८ए८ हे प्रोव्हायडर ब्रिजिंगसाठी मानकाने नेमून दिलेले मूल्य आहे, सी-टॅगचे मूल्य ८१०० आहे, आणि ९१०० हे मानकापूर्वीच्या काळातले, पुष्कळ जुन्या उपकरणांत रुळलेले मूल्य आहे. मधले उपकरण आत येताना दोन्ही मूल्ये ओळखते, पण बाहेर पाठवताना त्या पोर्टवर जे मूल्य लिहून ठेवले असेल तेच टॅगमध्ये घालते.

याचा परिणाम काय होतो, हे नीट नोंदवून ठेवणे गरजेचे आहे. तळेगावच्या पोर्टवर ८८ए८ हेच मूल्य अपेक्षित असल्यामुळे ९१०० लावलेली फ्रेम त्या स्विचच्या दृष्टीने टॅग नसलेली फ्रेम ठरते. टॅग नसलेली फ्रेम पोर्टच्या मूळ व्हीलॅनमध्ये टाकायची, हा ब्रिजिंगचा सर्वसाधारण नियम आहे, आणि तो येथे लागू झाला असता तर तिन्ही ग्राहकांच्या फ्रेम एकाच व्हीलॅनमध्ये एकत्र आल्या असत्या. तसे झाले नाही, कारण रिंगकडील पोर्टवर फक्त एस-टॅग असलेल्या फ्रेम स्वीकारण्याची अट आधीच घातलेली होती. त्यामुळे फ्रेम गळल्या आणि टाकून दिलेल्या फ्रेमचा काउंटर चढत गेला. सेवा बंद पडणे ग्राहकांच्या फ्रेम एकमेकांत मिसळण्यापेक्षा केव्हाही बरे. ही अट रिंगवरील प्रत्येक पोर्टवर कायम ठेवायची आहे.

यात एक गंमत लक्षात आली. कारखान्याची पोर्ट-आधारित सेवा नेमक्या याच नियमावर चालते. त्यांच्या पोर्टवरील एस-ब्रिज ८१०० चा सी-टॅग ओळखतच नाही, त्याला प्रत्येक फ्रेम टॅगविना दिसते आणि म्हणून ती निमूटपणे पोर्टच्या मूळ एस-व्हीलॅनमध्ये जाते. ग्राहकाच्या पोर्टवर जी सेवा असते, तीच गोष्ट रिंगच्या पोर्टवर अपघात ठरते.

मधल्या पुरवठादाराला दोन पर्याय कळवले: बाहेर पाठवतानाचे मूल्य ८८ए८ करावे, किंवा आमच्या पोर्टचे टॅग वाचणेच थांबवून आम्हाला पोर्ट-आधारित सेवा द्यावी. आमची पसंती दुसऱ्या पर्यायाला आहे, कारण त्यात आपला एस-टॅग त्यांच्यासाठी केवळ मजकुराचा भाग होतो आणि क्रमांक ठरवताना त्यांना विचारावे लागत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

चारही स्विच क्रमाक्रमाने प्रोव्हायडर पद्धतीवर आणले. फर्मवेअर व कॉन्फिगरेशन यांचा बॅकअप आधी घेतला होता. परत फिरण्याची वेळ आली नाही. जुने ग्राहक तूर्त पोर्ट-आधारित सेवेत हलवले आहेत आणि त्यांच्या बाजूला काहीही बदल करावा लागलेला नाही. भाड्याच्या टप्प्यावर मधल्या पुरवठादाराने दुसरा पर्याय मान्य केला असून कॅप्चरमध्ये आता ८८ए८ जसेच्या तसे दिसते.

२० जानेवारी

कारखान्याची सेवा उभी केली. भोसरी आणि चाकण येथील त्यांचे दोन्ही पोर्ट एस-व्हीलॅन १०१ मध्ये आहेत. टॅग असलेली, नसलेली, केवळ प्राधान्य लिहिलेली अशी प्रत्येक फ्रेम त्यात जाते आणि दुसऱ्या टोकाला एस-टॅग काढून मूळ रूपात बाहेर पडते.

खरा वेळ नियंत्रण संदेशांवर गेला. कारखान्याचे दोन्ही प्लांट आपल्या जोडणीबरोबरच एका रेडिओ लिंकनेही जोडलेले आहेत आणि या दोन वाटांत लूप होऊ नये, म्हणजे फ्रेम गोल फिरत राहू नयेत, म्हणून ते रॅपिड स्पॅनिंग ट्री चालवतात. त्यांचे बीपीडीयू आपल्या जोडणीतून पलीकडे पोहोचले नाहीत, तर त्यांच्या स्विचना दोन्ही वाटा मोकळ्या वाटतील आणि लूप होईल. ग्राहकाचे बीपीडीयू ०१-८०-सी२-००-००-०० या पत्त्यावर जातात. मानकाने प्रोव्हायडर ब्रिजच्या स्वतःच्या स्पॅनिंग ट्रीसाठी शेवटी ०८ असलेला वेगळा पत्ता दिला आहे आणि एस-ब्रिजने ०० हा पत्ता साध्या मल्टिकास्टप्रमाणे पुढे पाठवावा असे ठरवले आहे. या एका बदलामुळे ग्राहकाचे झाड आणि पुरवठादाराचे झाड एकमेकांत गुंतत नाहीत. कस्टमर पद्धतीत असताना आपला स्विच हेच बीपीडीयू उचलून स्वतःकडे ठेवत होता. पद्धत बदलल्यावर ते एस-टॅगसह रिंगवर दिसू लागले आणि कारखान्याच्या चाकणच्या स्विचने रेडिओ लिंकचा पोर्ट अडवला. रेडिओ हाच राखीव मार्ग असल्यामुळे हेच अपेक्षित होते.

एलएसीपीचा, म्हणजे अनेक जोडण्या एकत्र बांधण्यासाठीच्या संदेशांचा, प्रश्न निराळा आहे. पुढे दोन जोडण्या घेऊन त्या दोन प्लांटमध्ये एकत्र बांधण्याचा कारखान्याचा विचार आहे. एलएसीपीचा नेहमीचा पत्ता ०२ वर संपतो आणि एस-ब्रिज तो पुढे पाठवत नाही. येथे तीन वाटा आहेत. एमईएफ ४५ मध्ये खाजगी ई-लाइनसाठी अशा संदेशांना वाट देणारा अधिक पारदर्शक पर्याय आहे आणि आपल्या स्विचवर तो प्रत्येक पोर्टसाठी चालू करता येतो. २०१४ च्या ८०२.१एएक्स मानकानुसार एलएसीपी ०० या पत्त्यावर पाठवता येतो, पण त्यासाठी ग्राहकाच्या स्विचमध्ये ती सोय हवी. किंवा बांधणी सोडून वरच्या स्तरावर भार वाटून घ्यावा. तूर्त पहिला पर्याय कारखान्याच्या पोर्टपुरता चालू केला आहे. पॉज फ्रेम (समोरच्या पोर्टला थोडा वेळ थांबायला सांगणाऱ्या) मात्र कोणत्याही परिस्थितीत पलीकडे जाणार नाहीत, हे त्यांना लेखी कळवले. त्या फक्त एकाच लिंकच्या दोन टोकांसाठी असतात आणि त्या पलीकडे नेल्यास एका प्लांटमधील कोंडी दुसऱ्या प्लांटचा पोर्ट थांबवील. एलएलडीपीमध्ये (शेजारच्या उपकरणाची ओळख सांगणाऱ्या संदेशांत) शेजारी म्हणून आपला स्विच दिसू नये, हीदेखील विभागप्रमुखांची इच्छा होती. आपल्या पोर्टवरचे एलएलडीपी बंद केले. समोरचा प्लांट शेजारी म्हणून दिसावा असे वाटत असेल, तर त्यांना त्यांच्याच स्विचवर ०० हा सर्वात जवळच्या कस्टमर ब्रिजचा पत्ता निवडावा लागेल.

२२ जानेवारी

फ्रेमच्या आकाराची तपासणी केली. टॅग नसलेली सर्वात मोठी साधी फ्रेम १५१८ बाइटची असते, सी-टॅगसह १५२२, एस-टॅगसह १५२६, आणि भाड्याच्या टप्प्यावर मधल्या पुरवठादाराचा टॅग चढल्यावर १५३०. गोची अशी की एमटीयू (एका वेळी नेता येणारा कमाल आकार) या एकाच शब्दाखाली काही उपकरणे फक्त मजकूर मोजतात, काही हेडरसह मोजतात आणि टॅग मोजण्याबाबत तर प्रत्येकाचा रिवाज वेगळा आहे. लहान पिंग व्यवस्थित चालतो, वेबपान अर्धवट उघडते आणि ग्राहक सर्व्हरला दोष देत बसतो, ही याची ठरलेली लक्षणे आहेत. विखंडनास मनाई करून १४७२ बाइट मजकुराचा पिंग प्रत्येक टप्प्यावरून पाठवला, म्हणजे आयपी आणि आयसीएमपी यांची हेडर धरून पुरे १५०० बाइट भरतात. रिंगच्या सर्व पोर्टवर कमाल फ्रेम किमान २००० बाइट ठेवली आहे, ८०२.३एएस या २००६ च्या दुरुस्तीने लिफाफ्यासह हीच मर्यादा दिलेली आहे. भाड्याच्या टप्प्याचीही तेवढीच हमी करारात लिहून घेतली.

२५ जानेवारी

पतसंस्थेची ई-ट्री. या प्रकल्पातील सर्वात नाजूक भाग हाच आहे.

मुख्य कार्यालय मूळ आणि शाखा पाने, अशी ई-ट्रीची रचना असते. बँकिंगच्या सेवेसाठी दोन एस-व्हीलॅन घेतले. मुख्य कार्यालयाकडून निघालेली फ्रेम ३०१ मध्ये प्रवास करते आणि सर्व शाखांचे पोर्ट ३०१ मधून बाहेर पडण्यासाठी सदस्य आहेत. शाखेकडून निघालेली फ्रेम ३०२ मध्ये जाते आणि ३०२ मधून बाहेर पडण्यासाठी फक्त मुख्य कार्यालयाचा पोर्ट सदस्य आहे. एका शाखेची फ्रेम दुसऱ्या शाखेच्या स्विचपर्यंत पोहोचली तरी तिला तेथून बाहेर पडायला दारच नसते. अडवण्यासाठी वेगळे नियम लिहावे लागत नाहीत.

यातील महत्त्वाची अट अशी की ३०१ आणि ३०२ यांचे पत्ते शिकण्याचे कोष्टक एकच असले पाहिजे. शाखेचा मॅक पत्ता (तेथील उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) स्विचला ३०२ मध्ये कळतो आणि त्याचा उपयोग मात्र ३०१ मध्ये येणाऱ्या फ्रेमसाठी करायचा असतो. कोष्टके वेगळी राहिली तर ३०१ मधील प्रत्येक फ्रेम अनोळखी ठरून सर्व शाखांना वाटली जाते. सेवा तरीही चालते, म्हणून तक्रार येत नाही. पण एका शाखेसाठीचा बँकिंगचा मजकूर सगळ्या शाखांच्या दारात जातो आणि लहान बँडविड्थच्या शाखा विनाकारण भरून जातात. त्यामुळे एका शाखेकडे सतत रहदारी पाठवून दुसऱ्या शाखेच्या पोर्टवरील बाहेर जाणारा काउंटर स्थिर राहतो का, ही चाचणी स्वीकृतीच्या यादीत घातली. फोनच्या व्हीलॅन २० साठी ३११ आणि ३१२ अशी दुसरी जोडी आहे. शाखांमधील फोनचे संभाषणही मुख्य कार्यालयातील एक्सचेंजमधून जात असल्यामुळे तीच रचना पुरते.

नियंत्रण संदेशांच्या बाबतीत येथे कारखान्याच्या नेमके उलट आहे. कस्टमर एज पोर्टच्या मागचा सी-ब्रिज ग्राहकाच्या टॅगचा अर्थ लावतो, म्हणजेच तो ग्राहकाच्या जाळ्यातील एक ब्रिज होतो, आणि म्हणून ०० पत्त्यावरचे बीपीडीयू त्याच्यापाशीच थांबतात. त्याने त्यांच्या स्पॅनिंग ट्रीत भाग घ्यावा किंवा ते टाकून द्यावेत, इतकाच निर्णय उरतो. पलीकडे पारदर्शकपणे नेणे शक्य नसते, कारण एकाच पोर्टवर अनेक सेवा असताना टॅग नसलेला बीपीडीयू कोणत्या सेवेतून न्यायचा, याला उत्तरच नाही. पतसंस्थेच्या प्रत्येक शाखेत एकच लहान स्विच असून दुसरी वाट नाही, म्हणून बीपीडीयू टाकून देण्याचे ठरले आणि ते त्यांच्या तंत्रज्ञांना समजावून सांगितले. उद्या एखाद्या शाखेने ब्रॉडबँडवरून दुसरा पूल बांधून मुख्य कार्यालयाशी दुसऱ्या स्तरावर जोडणी केली, तर लूप पकडणारे कोणी नसेल, ही बाब करारपत्राच्या तांत्रिक परिशिष्टात ठळकपणे नोंदवली आहे.

यादीत नसलेला सी-टॅग आला तर तो टाकून द्यायचा, आणि टॅग नसलेल्या फ्रेमला व्हीलॅन १० समजायचे, असेही ठरले. दोन शाखांमध्ये जुने, टॅग न लावणारे राउटर आहेत.

२८ जानेवारी

प्राधान्य आणि वेगमर्यादा. सी-टॅगमधील तीन बिटांचे प्राधान्य एस-टॅगमध्ये नकलून घेण्याची सोय सी-टॅगच्या सेवेत उपयोगी पडते, मात्र ग्राहकाने सगळ्याच फ्रेमवर ७ लिहून पाठवले तर ते मानायचे नाही. पतसंस्थेचा फोन ५ वर आणि बँकिंग ३ वर बसवले आहे. कारखान्याच्या पोर्टवर आपण टॅग वाचत नसल्यामुळे एकच ठरावीक प्राधान्य आहे.

हमीचा वेग आणि जादा वेग असे दोन स्तर ठेवले आहेत. हमीच्या आतील फ्रेम हिरव्या, जादा वेगातील पिवळ्या आणि त्यापलीकडच्या लाल, म्हणजे तेथेच टाकून दिलेल्या. पिवळ्या फ्रेमची खूण एस-टॅगमधील डीईआय या एका बिटात राहते आणि रिंगवर कोंडी झाली की त्या फ्रेम आधी गळतात. एक बारीक गोष्ट: हमीच्या वेगाला लागून असलेला बर्स्टचा (एकदम येणाऱ्या फ्रेमच्या लोंढ्याचा) आकार फार लहान ठेवला, तर ग्राहकाला सरासरी वेग कधीच पूर्ण मिळत नाही. एक गिगाबिटच्या पोर्टवर १०० किलोबाइटचा बर्स्ट ०.८ मिलिसेकंदात आत येतो, आणि टीसीपी असेच हप्त्याहप्त्याने पाठवत असते. वेगाची तक्रार आल्यावर लोक हमीचा आकडा वाढवतात. पुष्कळदा बर्स्टचा आकडा वाढवणे पुरेसे असते.

३० जानेवारी, गुरुवार

रिंगच्या संरक्षणाची चाचणी. रिंगच्या संरक्षणाचे जी.८०३२ हे मानक चालू केले असून लूप होऊ नये म्हणून पिंपरी–भोसरी हा टप्पा सामान्य स्थितीत अडवलेला असतो. फायबरच्या टप्प्यांवर केबल काढताच पोर्ट बंद झाल्याचे स्विचला लगेच कळते आणि वाट बदलते. भाड्याच्या टप्प्यावर तसे होत नाही: मधल्या उपकरणांच्या आत बिघाड झाला तरी आपल्या दोन्ही टोकांचे पोर्ट चालूच दिसतात. म्हणून त्या टप्प्यावर ३.३३ मिलिसेकंद अंतराने सातत्य तपासणीचे संदेश चालू केले आहेत. साडेतीन अंतरांपर्यंत संदेश आला नाही की टप्पा तुटला असे धरले जाते. हे संदेश एस-व्हीलॅन ४००१ मध्ये टॅगसह पाठवले जातात, जेणेकरून मधल्या पुरवठादाराला ते साध्या मजकुरासारखे दिसावेत. रिंगच्या स्वतःच्या संदेशांचा पत्ता ०१-१९-ए७ ने सुरू होतो व राखीव पत्त्यांच्या गटात बसत नाही, त्यामुळे त्यांनाही अडथळा आला नाही. मधल्या पुरवठादाराने आपला अंतर्गत पोर्ट मुद्दाम बंद करून दाखवला, तेव्हा वाट ५० मिलिसेकंदांच्या आत बदलली. टप्पा पूर्ववत झाल्यावर पाच मिनिटे थांबून मगच रिंग मूळ स्थितीत येते. हा मूळचा आकडा तसाच ठेवला आहे, कारण रस्ताखोदाईत फायबर तुटताना ते बरेचदा तुटते, जुळते आणि पुन्हा तुटते.

३ फेब्रुवारी

छोट्या पुरवठादाराची एस-टॅगवर आधारलेली जोडणी. तो स्वतःच्या क्रमांकाने ८८ए८ चा टॅग लावून फ्रेम देतो आणि त्याचा ३०१ हा क्रमांक आपल्या ई-ट्रीच्या क्रमांकावरच येत होता. हे अटळ असल्यामुळे मानकात एस-व्हीलॅन भाषांतराचे कोष्टक प्रत्येक पोर्टवर असते: त्याचा ३०१ आपल्याकडे १००१ होतो आणि बाहेर पडताना पुन्हा ३०१. कोष्टकात नसलेला क्रमांक आत घेतला जात नाही. त्याचे सी-टॅग आपण पाहतही नाही.

त्याच्या वर्गणीदारांच्या राउटरचे मॅक पत्ते आपल्या चारही स्विचच्या कोष्टकात भरू लागले, तर इतर ग्राहकांची जागा जाईल. त्याची प्रत्येक सेवा दोन टोकांपुरतीच असल्यामुळे १००० च्या पुढील या एस-व्हीलॅनमध्ये पत्ते शिकणे बंद केले. दोनच दारे असतील तर एका दारातून आलेली फ्रेम दुसऱ्यातूनच जाणार, त्यासाठी पत्ता शिकण्याची गरज नसते. पतसंस्थेच्या सेवेत शिकणे आवश्यक असल्यामुळे तेथे प्रत्येक सेवेसाठी पत्त्यांची मर्यादा घातली आहे. २००८ च्या ८०२.१एएच मानकात ग्राहकाची संपूर्ण फ्रेम नव्या मॅक हेडरच्या आत घालून २४ बिटांचा सेवा क्रमांक देण्याची तरतूद आहे आणि तीत पत्त्यांचा प्रश्न मुळातच मिटतो. तथापि चार स्विचच्या रिंगसाठी तो खटाटोप आज अनावश्यक वाटतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सेवा स्वीकृतीच्या चाचण्या वाय.१५६४ या इथरनेट सेवांच्या चाचणी-मानकाप्रमाणे घेतल्या. आरएफसी २५४४ या दस्तऐवजातील चाचण्या एका वेळी एकाच प्रवाहाचे माप घेतात आणि प्रयोगशाळेत उपकरण तपासण्यासाठी त्या योग्य आहेत. एका पोर्टवरील बँकिंग आणि फोन या दोन सेवा एकाच वेळी आपापली हमी पाळतात का, हे वाय.१५६४ मध्ये दिसते. मुख्य कार्यालयाच्या पोर्टवर बँकिंगला पिवळ्या पट्ट्यापर्यंत दाबले असताना फोनच्या सेवेत गळती झाली नाही. ई-ट्रीच्या शाखा ते शाखा चाचणीत एकही फ्रेम पलीकडे पोहोचली नाही आणि तिसऱ्या शाखेचा काउंटर स्थिर राहिला.

देखरेखीसाठी सीएफएमच्या (जोडणीतील बिघाड शोधणाऱ्या संदेशांच्या) पातळ्या वाटून दिल्या: ५ ते ७ ग्राहकाच्या, ३ आणि ४ सेवेच्या, ० ते २ आपल्या टप्प्यांच्या. कारखान्याने आपल्या दोन प्लांटमध्ये पातळी ५ वर संदेश सुरू केले आणि ते पारदर्शकपणे गेले. पतसंस्थेला तसे हवे असल्यास तिने ते व्हीलॅन १० च्या टॅगसह पाठवावेत, कारण तिच्या पोर्टवर टॅग हाच सेवेचा पत्ता आहे.

१० फेब्रुवारी

हस्तांतराची कागदपत्रे देखरेख कक्षाकडे दिली. प्रत्येक पोर्टच्या वर्णनात सेवाप्रकार, एस-व्हीलॅन आणि बीपीडीयूचे काय होते ते एका ओळीत लिहिले आहे: पुढे जातात, थांबतात की टाकले जातात. कक्षातील रात्रपाळीच्या सहकाऱ्यांनी हीच ओळ सर्वात आधी मागितली होती.

दोन कामे शिल्लक आहेत. कारखान्याची दुसरी जोडणी मार्चमध्ये येईल तेव्हा एलएसीपीची टोकापासून टोकापर्यंत चाचणी घ्यायची आहे. आणि तळेगावच्या ज्या दोन शाखांत टॅग न लावणारे राउटर आहेत, तेथे फोन बसवण्याआधी ते बदलावे लागतील. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी नवे राउटर मागवले असून ते आल्यावर त्या पोर्टवरील टॅगविना फ्रेम स्वीकारण्याची सवलत काढून टाकायची आहे.